स्पेशल स्कूलनंतर कॉलेज: मुलासाठी ‘फाउंडेशन लर्निंग’ आणि माझ्यासाठी इंग्रजी-गणित (इंग्लंड)

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही ११ वर्षांपासून इंग्लंडमध्ये, मिडलँड्स भागातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. माझा थोरला मुलगा १८ वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो ज्या स्पेशल स्कूलमध्ये जातो तिथले त्याचे शिक्षण येत्या जुलैमध्ये संपेल आणि सप्टेंबरपासून त्याने जवळच्या कॉलेजात जावे, असे शाळेने सुचवले आहे. त्याचा ईएचसीपी, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा कौन्सिलने केलेला आराखडा, आम्ही इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून आहे.

गेल्या महिन्यात आम्ही त्या कॉलेजाच्या ओपन डेला गेलो. तिथे या विभागाला ‘फाउंडेशन लर्निंग’ म्हणतात. वर्ग स्वच्छ आणि मोकळे होते, शिक्षिका आपुलकीने बोलल्या. परंतु अभ्यासक्रम ‘एन्ट्री वन’ पातळीचा असेल, आठवड्यातून तीनच दिवस असेल आणि सध्या एक वर्षाचाच विचार करावा, असे आम्हाला सांगण्यात आले. माझ्या मुलाला पाच दिवस शाळेची सवय आहे. तो बसचे क्रमांक ओळखतो, पोळ्यांना तूप लावून त्या नीट घडी करून डब्यात ठेवतो, धुण्याचे कपडे रंगाप्रमाणे वेगळे करतो आणि साताऱ्याच्या आजीशी फोनवर मराठीत अर्धा-अर्धा तास बोलतो. मात्र स्वतःचे नाव आणि पत्ता यांपलीकडे त्याला फारसे लिहिता येत नाही. ‘एन्ट्री वन’ या दोन शब्दांत या मुलाचे नेमके काय मोजले जाणार आहे, ते मला कळलेले नाही, आणि तीन दिवसांच्या कॉलेजानंतर उरलेले चार दिवस तो घरी पडदे ओढून टॅब्लेट पाहत बसेल, ही भीती मनातून जात नाही.

दुसरा प्रश्न माझ्याविषयी आहे. मी कराडला मराठी माध्यमातून शिकून बी. ए. झाले. इथे प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून काम करावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत इंग्रजी आणि गणित या विषयांत जीसीएसईची (म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेची) ग्रेड ४ किंवा त्या तोडीचे लेव्हल टू प्रमाणपत्र मागितलेले असते. त्याच कॉलेजाच्या प्रौढ विभागात मी संगणकावर चाचणी दिली. इंग्रजी वाचन लेव्हल वन, लेखन एन्ट्री थ्री आणि गणितही एन्ट्री थ्री, असा निकाल आला. दहावीपर्यंत मी गणितात कधी मागे पडले नव्हते आणि शेजारच्या मुलांना पाढे, अपूर्णांक मीच शिकवत असे. तो कागद हातात घेऊन मी बसमध्ये बसले तेव्हा मला शेजारच्या बाईंशी बोलावेसेही वाटेना.

या वाटेने गेलेले, किंवा या क्षेत्रात काम करणारे कोणी असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. मुलाच्या बाबतीत कॉलेजाला आणि कौन्सिलला नेमके काय विचारावे, आणि माझ्या बाबतीत एन्ट्री थ्रीपासून सुरुवात करणे योग्य आहे की नाही, हे मला ठरवायचे आहे.

दीपमाळ

कृष्णाकाठताई, नमस्कार. मी इंग्लंडमधील एका कॉलेजात याच विभागात १४ वर्षे शिकवत आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

प्रथम पातळ्यांविषयी. इंग्लंडमध्ये एन्ट्री लेव्हलचे वन, टू आणि थ्री असे तीन टप्पे आहेत, त्यांच्या वर लेव्हल वन आणि लेव्हल टू येतात. जीसीएसईची चांगली ग्रेड लेव्हल टूमध्ये मोजली जाते. ही उतरंड प्रौढांसाठी ज्या स्वरूपात आज वापरली जाते, तिच्या मागे १९९९ चा मोझर अहवाल आहे. टेलिफोनच्या ‘यलो पेजेस’मधली वर्णानुक्रमाची सूची हातात दिली, तरी प्लंबर कोणत्या पानावर आहेत हे दर पाच प्रौढांपैकी एकाला शोधता येत नाही, असे त्या अहवालाने सांगितले आणि देश हादरला. त्यानंतर २००१ मध्ये ‘स्किल्स फॉर लाइफ’ हे धोरण आले आणि साक्षरता, अंकज्ञान व परभाषकांचे इंग्रजी यांचे अभ्यासक्रम या टप्प्यांवर बांधले गेले. एन्ट्री वनच्याही खाली ‘प्री-एन्ट्री’ आहे. म्हणजे आपल्या मुलाला तळाच्या पायरीवर बसवलेले नाही. परंतु मला याहून महत्त्वाचे वाटते ते वेगळेच आहे: ही पातळी एका कौशल्याची असते, माणसाची नसते. माझ्या वर्गात असा एक तरुण आहे की ज्याचे बोलणे एन्ट्री थ्रीचे, वाचन एन्ट्री वनचे आणि लेखन प्री-एन्ट्रीचे आहे. त्याच्या फाइलवर ‘एन्ट्री वन’ एवढेच लिहिले, तर त्याच्या बोलण्याला कोणी काही शिकवणारच नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा की बोलणे, ऐकून समजणे, वाचन, लेखन, संख्या आणि रोजची कामे यांची पारख तुम्ही स्वतंत्रपणे करता का आणि ती कशी करता.

दुसरा प्रश्न, मागच्या वर्षी हा अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुले आज काय करतात, हा. या प्रश्नावर कॉलेज गडबडले, तर सावध व्हावे. आमच्या क्षेत्राचा सर्वांत जुना दोष हा आहे की विद्यार्थी एकाच पातळीची, थोड्या वेगळ्या नावाची प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे गोळा करतो आणि फाइल जाड होते, माणूस मात्र तिथेच राहतो. १९९६ मध्ये प्राध्यापक जॉन टॉमलिन्सन यांच्या समितीने ‘इन्क्लुझिव्ह लर्निंग’ हा अहवाल दिला. विद्यार्थ्यात काय उणे आहे ते शोधत बसण्याऐवजी तो जसा शिकतो तसे शिकवणे कॉलेजाला जमते का ते पाहावे, हा त्याचा गाभा होता. आमच्या विभागातील जी माणसे मनापासून काम करतात, ती आजही त्याच विचाराला धरून चालतात.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे विद्यार्थी चालवतात असा एक छोटा कॅफे आहे. एका मुलाला दोन वर्षे आम्ही नाणी ओळखायला शिकवत होतो. प्लॅस्टिकची नाणी, मग खरी नाणी, मग १० पेन्सच्या ढिगांतून पाउंड करणे. त्याला ते साधत नव्हते आणि दर आठवड्याच्या नोंदीत ‘अजून सराव आवश्यक’ असे मी लिहीत होते. एके दिवशी त्याच्याबरोबर दुकानात गेले. त्याने सॅंडविच उचलले, कार्ड यंत्राला टेकवले, पावती न घेता बाहेर पडला. त्याच्या आयुष्यात नाणी नव्हतीच. त्याच्याकडून सॅंडविचचे दोनदा पैसे घेतले गेले असते, तर मात्र त्याला ते कळले नसते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नाण्यांचा डबा बाजूला ठेवला आणि फळीवरची किंमत, यंत्राच्या पडद्यावरची रक्कम आणि पावतीवरचा आकडा सारखाच आहे का, एवढे तीन ठिकाणी पाहायला शिकवले. सहा आठवड्यांत तो ते करू लागला, आणि एकदा कॅफेमध्ये माझ्याच बिलातली चूक त्याने बोट ठेवून दाखवली. अंकज्ञान शिकवायचे म्हणजे काय, हे मला त्या मुलाकडून समजले. म्हणून तिसरा प्रश्न हा, की गणित वर्गात शिकवता की जिथे ते वापरायचे तिथे.

प्रमाणपत्राविना शिकवणेही मान्य असते, हे पालकांना बहुधा सांगितले जात नाही. विद्यार्थ्याची सुरुवातीची स्थिती नोंदवायची, त्याची स्वतःची उद्दिष्टे ठरवायची, वाटेत प्रगती तपासायची आणि शेवटी पुरावे ठेवायचे, अशी एक पद्धत आमच्याकडे ‘रार्पा’ या लघुनामाने ओळखली जाते. आपल्या मुलासारख्या, हाताने पुष्कळ काही करणाऱ्या पण कागदावर कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्याला ती अधिक न्याय देते, असे माझे मत आहे. घडी करून डब्यात ठेवलेल्या पोळ्यांचा फोटोसुद्धा तिथे पुरावा होऊ शकतो.

तीन दिवसांविषयी: हे बऱ्याच कॉलेजांत असेच आहे आणि त्याचे कारण निधी ज्या तासांवर मोजला जातो त्यात आहे. पाच दिवसांची गरज असेल, तर ती ईएचसीपीमध्ये लिहिलेली असावी लागते. याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष झगडून पाहिले आहे, असे पालक माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

रानजाई

झगडलेल्या पालकांपैकी मी एक आहे, म्हणून लिहिते. माझी मुलगी आता २३ वर्षांची आहे. तिला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे.

दीपमाळताईंनी जाड फाइलचा उल्लेख केला आहे, ती फाइल आमच्या घरी आहे. पहिल्या कॉलेजात, ज्याचे नाव मी लिहिणार नाही, मुलगी तीन वर्षे गेली. पहिल्या वर्षी वैयक्तिक स्वच्छतेचे प्रमाणपत्र मिळाले, दुसऱ्या वर्षी निरोगी राहण्याचे आणि तिसऱ्या वर्षी स्वतःची काळजी घेण्याचे. तिन्ही एन्ट्री वनची होती आणि तिन्हींमध्ये हात धुण्याच्या चित्रांची एक पट्टी होती. माझ्या मुलीला हात धुता येत होते, ती सात वर्षांची असल्यापासून. वार्षिक बैठकीत मी हे बोलले तेव्हा ‘तिला आवडते आहे’ असे उत्तर आले. तिला आवडत होते, हे खरेच होते. पण आवडणे आणि शिकणे यांतला फरक सांगण्याची जबाबदारी तिच्यावर कशी टाकता येईल?

चुकीचे नेमके काय होते, ते मला नंतर कळले. आराखड्याच्या ‘एफ’ विभागात मुलाला कोणते विशेष शिक्षण आणि साहाय्य मिळालेच पाहिजे ते लिहिलेले असते, आणि ‘आय’ विभागात संस्थेचे नाव असते. आमच्या ‘एफ’ विभागात ‘वाचाउपचाराचा लाभ मिळेल’, ‘प्रवासाची कौशल्ये विकसित करण्याच्या संधी मिळतील’, अशी वाक्ये होती. संधी मिळतील म्हणजे किती तास, कोणाकडून, आठवड्यातून किती वेळा? जे मोजता येत नाही ते मागताही येत नाही. दुसऱ्या वेळी आम्ही एकेक वाक्य बदलून घेतले. ‘प्रशिक्षित व्यक्तीकडून आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी एक तास, प्रत्यक्ष बसमार्गावर प्रवासाचे प्रशिक्षण’, असे लिहून घेतले, तेव्हा कुठे ते मिळाले.

कृष्णाकाठ, तारखांकडे लक्ष ठेवा. सप्टेंबरमध्ये कॉलेजात जायचे असेल, तर कौन्सिलने आराखडा तपासून त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत नव्या संस्थेच्या नावासह सुधारून दिला पाहिजे. ते नाव किंवा मजकूर मान्य नसेल, तर न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. निर्णयाच्या पत्रापासून दोन महिने, किंवा मध्यस्थीचा (अपिलाआधी वाद आपसांत मिटवण्याचा) विचार केल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यापासून एक महिना, यांपैकी जे नंतर संपेल ती मुदत असते. वाद फक्त संस्थेच्या नावाचा असेल, तर त्या प्रमाणपत्राची गरज नसते. प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत ‘सेंडियास’ ही मोफत आणि निष्पक्ष सल्ला देणारी सेवा असते, तिच्याकडे आजच नाव नोंदवा. आणि एक गैरसमज दूर करते. २०१४ च्या कायद्याने हे आराखडे वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू शकतात, पण ते तोपर्यंत चालतीलच अशी हमी नाही. १९ नंतर शिक्षणाची उद्दिष्टे पूर्ण झाली का, असे कौन्सिल विचारू शकते आणि विचारते. म्हणून पुढची दोन-तीन वर्षे कशासाठी हवी आहेत, ते उद्दिष्टांच्या विभागात स्पष्ट दिसले पाहिजे. ‘सध्या एक वर्षाचाच विचार करावा’ हे तुम्हाला मिळालेले उत्तर मला म्हणूनच धोक्याचे वाटते. कॉलेजाला नेआण करण्याच्या वाहनाचेही आताच विचारा, कारण १६ नंतर शाळेसारखी वाहनाची खात्री राहत नाही. प्रत्येक कौन्सिल आपले धोरण दरवर्षी ३१ मेपर्यंत जाहीर करते.

आता चांगले. दुसऱ्या कॉलेजाने मुलीला सपोर्टेड इंटर्नशिपसाठी तयार केले. ही सोय ईएचसीपी असलेल्या १६ ते २४ वयाच्या तरुणांसाठी आहे. त्यात किमान सहा महिने, बहुतांश वेळ खऱ्या कामाच्या ठिकाणी जातो आणि सोबत जॉब कोच असतो. वेतन मिळत नाही, आणि यावर माझा आक्षेप आहेच, परंतु शेवटी पगाराची नोकरी हेच त्याचे ध्येय असते. या प्रकारच्या कामांपैकी पुष्कळांचे मूळ १९९६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट सर्च’मध्ये आहे, आणि माझ्या मुलीचे प्रशिक्षणही एका रुग्णालयातच झाले. ती वॉर्डांना लागणारे हातमोजे आणि चादरी ट्रॉलीत भरते. कोणत्या खणात किती, हे तिला रंगीत पट्ट्यांवरून कळते.

प्रवास शिकवणाऱ्या बाईंविषयी लिहिल्याशिवाय मला थांबवत नाही. त्यांनी मुलीला बस पकडायला शिकवले, ते तर कोणीही शिकवले असते. त्यांनी मुद्दाम एके दिवशी तिला बस चुकू दिली. त्या स्वतः रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. मुलगी पाच मिनिटे तशीच उभी राहिली, मग तिने खिशातले कार्ड काढले, त्यावरची दुसरी ओळ बोट फिरवत वाचली आणि ‘पुढची बस’ या चित्राखालची वेळ खांबावरच्या पाटीशी ताडून पाहिली. पुढे चार महिन्यांनी रस्ता खणल्यामुळे बस खरोखर दुसरीकडून गेली, तेव्हा ती घाबरली नाही. खाली उतरली आणि मला फोन केला, ‘आई, बस चुकीची आहे, मी नाही.’

चंद्रभागा

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. मी पंढरपूरचा आहे, वय ५६. इथे १८ वर्षे गोदामात काम केले, आणि तीन वर्षांपूर्वी गणित व इंग्रजी दोन्हींचे लेव्हल टू पूर्ण केले. गणितात माझाही सुरुवातीचा निकाल एन्ट्री थ्री होता.

माझ्या आजोबांनी मला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि अडीचकी पाठ करून घेतली होती. सात पाव पावणेदोन, सात दिढे साडेदहा, हे मी झोपेतही सांगू शकतो. चाचणीत प्रश्न असा होता की चार माणसांच्या पदार्थाला ३०० ग्रॅम पीठ लागते, तर सहा माणसांना किती लागेल. चाराचे सहा म्हणजे दीडपट, आणि तीनशेची दीडपट साडेचारशे, इतके ते सरळ आहे. पण मी ‘सर्व्ह्ज’ या शब्दाशी अडलो. वाढणे हा अर्थ मला ठाऊक होता, ‘इतक्या जणांना पुरते’ हा नव्हता. दुसऱ्या एका प्रश्नात ‘एस्टिमेट’ करा, म्हणजे जवळच्या पूर्ण संख्या घेऊन अंदाज सांगा, असे लिहिले होते. मी पेन्सिलीने अचूक गुणाकार करून दशांशासह उत्तर दिले आणि ते चूक ठरले. लाख लिहिताना स्वल्पविराम आपल्या जागी दिला, म्हणजे १,००,००० असा, आणि यंत्राने तेही नाकारले. तुमचे गणित कच्चे आहे असा त्या निकालाचा अर्थ लावू नका. तुमच्या निकालातले किती प्रश्न आकड्यांवर गेले आणि किती भाषेवर, ते शिक्षकांना दाखवायला सांगा. तो तपशील बहुधा त्यांच्याकडे असतो आणि तुम्ही तो पाहायला मागू शकता.

माझा सल्ला असा की गणितात एन्ट्री थ्रीची परीक्षा देत बसू नये. थेट लेव्हल वनच्या वर्गात बसता येईल का ते विचारावे आणि सहा आठवडे शब्दांची वही ठेवावी. मी ठेवली होती. ‘पर’, ‘ऑफ’, ‘अॅट लीस्ट’, ‘टु द निअरेस्ट’, ‘बेस्ट व्हॅल्यू’ अशा शब्दांसमोर मी मराठी अर्थ आणि एकेक उदाहरण लिहीत असे. फंक्शनल स्किल्सच्या, म्हणजे व्यवहारात लागणाऱ्या इंग्रजी-गणिताच्या, सध्याच्या परीक्षेत लेव्हल वन आणि टूला गणिताचा एक भाग कॅल्क्युलेटरशिवाय असतो. आमच्या वर्गातले इथेच शिकलेले तरुण त्याला घाबरत होते आणि मला मात्र तोच भाग सोपा गेला. वर्गातल्या एका मुलीला मी दीडकी शिकवली, आणि पंधरा टक्के काढताना ती ‘टेन आणि हाफ ऑफ टेन’ असे म्हणत बोटांवर मोजू लागली, त्या दिवशी मला आजोबांची फार आठवण झाली.

इंग्रजी लेखनात मात्र घाई करू नका. परीक्षेत शब्दकोश किंवा शुद्धलेखन तपासणारी सोय वापरता येत नाही, त्यामुळे तिथे एन्ट्री थ्रीपासून सुरुवात झाली तरी ते वर्ष वाया जात नाही. आपण मराठीतून विचार करून लांब वाक्य लिहितो आणि ते इंग्रजीत मध्येच तुटते, हा माझा अनुभव आहे. इंग्रजीचे वर्ग निवडताना ते परभाषकांसाठी असलेले ईसॉलचे आहेत की फंक्शनल स्किल्सचे, हेही विचारून घ्या. तुमचे वाचन लेव्हल वनचे आहे, तेव्हा दुसरे तुम्हाला अधिक मानवेल असे वाटते, शिवाय जाहिरातीत मागतात तेही तेच.

खर्चाचे म्हणाल, तर इंग्लंडमध्ये १९ वर्षांवरील ज्या प्रौढांकडे या विषयांत ग्रेड ४ किंवा त्या तोडीचे काही नाही, त्यांना इंग्रजी आणि गणित लेव्हल टूपर्यंत विनाशुल्क असते. राहण्याची परवानगी आणि त्याआधीची साधारण तीन वर्षांची वास्तव्याची अट असते, ती तुम्ही केव्हाच पूर्ण केली आहे. तुमची बी. ए.ची पदवी ‘यूके एनिक’कडून पडताळून घेणेही फायद्याचे ठरेल. ही तीच संस्था आहे जिला २०२१ पर्यंत ‘यूके नॅरिक’ म्हणत. मात्र पदवीची बरोबरी मिळाली तरी शाळा इंग्रजी-गणिताचा वेगळा पुरावा मागू शकतात, म्हणून दोन्ही गोष्टी सोबतच चालू ठेवा.

कृष्णाकाठ

आपण तिघांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. चंद्रभागाकाका, ‘सर्व्ह्ज’चा तो प्रश्न मलाही आला होता, आणि मी तो सोडून दिला होता.

काल रात्री मी मुलाचा आराखडा पुन्हा वाचला. ‘एफ’ विभागात ‘संधी मिळतील’ हे शब्द नऊ वेळा आले आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्यात ‘वस्तू १० पर्यंत मोजतो’ असे लिहिले आहे. घरी तो मराठीत वीसपर्यंत मोजतो, जिना चढताना रोज मोजतो, आणि आमच्या जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. इंग्रजीत मात्र तो अकरा-बाराला अडखळतो. मराठीचा उल्लेख संपूर्ण आराखड्यात ‘घरी दुसरी भाषा बोलली जाते’ एवढ्या एकाच वाक्यात आहे. तो लहान असताना एकांनी आम्हाला घरीही इंग्रजीच बोलण्याचा सल्ला दिला होता आणि आम्ही वर्षभर तसे केले होते, त्याचे मला आजही वाईट वाटते. ही गोष्ट आता आराखड्यात घालायला सांगणे योग्य होईल का? आणि बैठकीत बोलायचे ते आम्ही की त्याने? तो आता १८ वर्षांचा आहे, म्हणून शाळेने पत्र त्याच्या नावाने पाठवले आहे.

दीपमाळ

अवश्य घालायला सांगा, आणि ते पहिल्याच पानावर, त्याच्या स्वतःविषयीच्या भागात तसेच गरजांच्या भागात, दोन्हीकडे असू द्या. दोन भाषांमुळे डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या भाषेचे नुकसान होते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. तेव्हा त्या एका वर्षाचे ओझे आता मनावर ठेवू नका. वीसपर्यंत मोजता येणे ही संख्येची समज आहे आणि इंग्रजी अकरा-बारा ही शब्दांची अडचण आहे. या दोन गोष्टी शिकवण्याच्या पद्धती अगदी वेगळ्या असतात. मी त्याची शिक्षिका असते, तर पहिल्या दिवशी त्याला कॉलेजाच्या जिन्यावर नेले असते आणि मराठीत मोजायला सांगून स्वतः त्याच्या मागून इंग्रजीत मोजले असते. जिन्यावर मोजतानाचा छोटा व्हिडिओ आताच काढून ठेवा आणि बैठकीत दाखवा.

पत्र त्याच्या नावाने आले ते बरोबर आहे. सक्तीच्या शिक्षणाचे वय संपल्यावर या आराखड्याबाबतचे अधिकार त्या तरुणाकडे जातात. २००५ च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टप्रमाणे प्रत्येक प्रौढ व्यक्ती निर्णय घेऊ शकते असेच प्रथम मानले जाते, आणि एखादा विशिष्ट निर्णय तिला समजावून सांगूनही घेता येत नसेल, तरच त्या निर्णयापुरते पालक तिच्या वतीने बोलतात. अपील करायचे की नाही, हे त्याला कदाचित कळणार नाही. पण स्वयंपाकघर आवडते की बाग, सकाळी बसने जायचे की टॅक्सीने, हे तो नक्की सांगेल. बैठकीच्या आधी फोटो दाखवून त्याची निवड नोंदवून ठेवा, आणि बैठकीत सर्वांत आधी त्यालाच बोलू द्या. तो मराठीत बोलला तर तुम्ही शब्दशः भाषांतर करा, आपले त्यात काही मिसळू नका. हे आईला कठीण जाते, मी अनेक बैठकांत पाहिले आहे.

कॉलेज पाहायला पुन्हा एकदा जा, मात्र ओपन डेला नको. साध्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत जाऊ द्या अशी विनंती करा. फाउंडेशनची मुले कॅन्टीनमध्ये इतरांमध्ये बसतात की त्यांच्यासाठी वेगळी वेळ आणि वेगळे टेबल ठेवले आहे, रांगेत त्यांच्या वतीने कर्मचारी बोलतात की ती स्वतः मागतात, आणि एखाद्याने ट्रे सांडला तर लगेच कोणी धावत येते की त्याला पुसायला कापड दिले जाते, ते पाहा. मुलाला सोबत न्या आणि त्याला रांगेत उभे करा. तुम्ही मात्र दाराशीच थांबा.